कोल्हा, देव, भूत आणि प्रेम : जपानी अ‍ॅनिमेतल्या अलौकिक प्रेमकथांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात जपानी शिकवते. वर्गात येणाऱ्यांपैकी निम्मे नोकरीसाठी येतात आणि निम्मे अ‍ॅनिमेपायी, म्हणजे जपानी कार्टून मालिका-सिनेमांपायी. शंका मात्र दुसऱ्या निम्म्यांच्याच जास्त असतात, आणि त्या व्याकरणाच्या नसतात. रात्री अकरा वाजता व्हॉट्सअ‍ॅपवर ‘मॅडम, त्या कोल्ह्याचं पुढे काय झालं?’ असा निरोप येतो. काही प्रश्न आई-बाबांचेही असतात. तीच उत्तरं पुन्हा पुन्हा टाइप करून कंटाळले, म्हणून इथे एकत्र केली आहेत. प्रश्न ४, ८ आणि १५ मध्ये गोष्टींचे शेवट फुटतात. सिनेमे बघायचे असतील तर ते तीन नंतर वाचा.

१. अलौकिक प्रेमकथा म्हणजे शेवटी भुताचाच सिनेमा ना?

नाही. भुताच्या सिनेमात भूत घाबरवायला येतं. इथे ते जेवायला येतं, भांडायला येतं, कधीकधी घरातच ठाण मांडून बसतं. जोडीतलं एक जण माणूस आणि दुसरं कोल्हा, देव, अर्धा राक्षस, मेलेला मुलगा असं काहीही. कधी दोघंही माणसंच असतात, पण मधे काळ किंवा मृत्यू आडवा पडलेला असतो. भीती असते, पण ती ‘हा मला खाईल’ अशी नसते. ‘हा उद्या दिसेल का’ अशी असते.

२. योकाई, कामी, यूरेई, अयाकाशी... सगळी भुतंच ना? फरक काय?

यूरेई म्हणजे मेलेल्या माणसाचं भूत, काहीतरी मागे राहून गेलेलं. योकाई ही मोठी जमात : आपल्याकडे हडळ, मुंजा, चकवा, वेताळ असं जे सगळं एका दमात सांगितलं जातं, तसं. अयाकाशी हा जवळजवळ त्याच अर्थाचा शब्द. कामी म्हणजे देव, पण लगेच विष्णू-शंकर डोळ्यांपुढे आणू नका. वेशीवरची ग्रामदेवता किंवा कोकणातला राखणदार आठवा. या झाडाचा, त्या ओढ्याचा, एवढ्याच टेकडीचा. जपानी लोक ‘याओयोरोझु नो कामी’ म्हणतात, म्हणजे अक्षरशः ८० लाख देव. आपण तेहेतीस कोटीवाले, आपल्याला हे किरकोळच.

या खान्यांमधल्या भिंती पातळ आहेत हे लक्षात ठेवा. त्रास देणाऱ्या आत्म्याचं देऊळ बांधलं, पूजा सुरू झाली की तो कामी होतो. कोल्ह्याचंही तसंच. इनारी या देवाच्या दारात दगडी कोल्हे दिसतात, क्योतोच्या फुशिमीला तर पावलोपावली, पण कोल्हा हा देवाचा निरोप्या, खुद्द देव नव्हे. रानातला मोकाट कोल्हा मात्र भुरळ घालणारा. ‘कामिसामा हाजिमेमाशिता’ या मालिकेतला कोल्हा तोमोए दोन्ही आहे. मूळचा मोकाट आणि आता देवळात नोकरीला. त्याचा निम्मा तोरा तिथूनच येतो.

आणखी एक, कारण हे ऐकून मुलं उडतात : जपानी देवांपैकी काही आपल्याकडून गेलेले आहेत. बेंझाइतेन म्हणजे सरस्वती, दाइकोकुतेन म्हणजे महाकाल, बिशामोनतेन म्हणजे वैश्रवण, आपला कुबेर. ‘नोरागामी’ या मालिकेत सिंहावर बसून येणारी ती तडफदार बिशामोन पाहिलीत ना? हे नाव आपल्या कुबेराचं.

३. काहीच पाहिलेलं नाही. सुरुवात कुठून करू?

‘होतारुबी नो मोरि ए’पासून. २०११ चा सिनेमा, जेमतेम पाऊण तासाचा. तो आवडला नाही तर या वाटेला येऊच नका, वेळ वाचेल. आवडला तर पुढे ‘किमि नो ना वा’ (२०१६), मग हसायचं असेल तर ‘कामिसामा हाजिमेमाशिता’ (२०१२). ‘इनुयाशा’ सुट्टीसाठी ठेवा. २००० ते २००४ मधलेच १६७ भाग आहेत आणि नंतर आणखी आहेत.

४. साध्या प्रेमकथा काय कमी आहेत? यातच एवढं काय आहे?

मला विचाराल तर भूत, कोल्हा, देव हे सगळं निमित्त. खरी ओढ असते ती अटीची.

साध्या कॉलेजातल्या प्रेमकथेत लेखकाची पंचाईत होते. दोघांना एकमेकं आवडतात, मग अडलंय कुठे? जात, पैसा, घरचे, गैरसमज, तेही पुरत नाहीत तेव्हा अपघात. अलौकिक गोष्टीत अडथळा पहिल्या पाच मिनिटांत एका वाक्यात सांगून टाकतात आणि मग त्या वाक्याशी इमान राखतात. ‘फ्रूट्स बास्केट’मध्ये परक्या मुलीने मिठी मारली की त्या घराण्यातली मुलं आपापल्या राशीचा प्राणी होतात. मासाआकी युआसाच्या २०१९ च्या एका सिनेमात, बुडून गेलेला प्रियकर ठरावीक गाणं म्हटलं की फक्त पाण्यात दिसतो. म्हणून ती बया पाणी भरलेलं डॉल्फिनसारखं फुग्याचं खेळणं काखेत घेऊन गावभर हिंडते. लोक बघत राहतात. हसू येतं, आणि मग येत नाही.

‘होतारुबी’ची अट सगळ्यांत सोपी. सहा वर्षांची होतारु आजोबांच्या गावी रानात वाट चुकते. तिथे मुखवटा घातलेला गिन भेटतो. माणूस सापडला म्हणून ती आनंदाने त्याच्याकडे धावते, तो बाजूला होतो आणि ती तोंडघशी पडते. माणसाचा स्पर्श झाला की तो नाहीसा होईल, असं तो सांगतो. तिला हा खेळच वाटतो, ती पुन्हा झेपावते, तो तिच्या डोक्यात काठी हाणतो. मग तीच काठी दोघं दोन टोकांना धरतात आणि तो तिला रानाबाहेर आणून सोडतो.

त्या काठीकडे नीट बघा. पुढे ती दर उन्हाळ्यात येते, उंच होत जाते. तो होता तेवढाच राहतो. काही वर्षांनी रानातल्या जत्रेत दोघं मनगटांना एका कापडाची दोन टोकं बांधून हिंडतात. मग तो आपला मुखवटा तिच्या चेहऱ्यावर ठेवतो आणि मुखवट्यावर ओठ टेकवतो. काठीची जागा कापडाने घेतली, कापडाची मुखवट्याने. अंतर कमी होत होत एका पातळ पापुद्र्यापर्यंत आलं. चुंबनांनी भरलेल्या दहा सिनेमांत जी धडधड होत नाही ती इथे होते, कारण हात धरणं म्हणजे काय हे या सिनेमाने आपल्याला नव्याने महाग करून दिलेलं असतं.

(त्याच जत्रेत पुढे काय होतं ते प्रश्न १५ मध्ये.)

५. या अटी लेखक मनानेच ठरवतात का?

तपशील त्यांचे, साचा फार जुना. जपानी लोककथांत माणूस आणि माणसाव्यतिरिक्त कुणीतरी यांच्या लग्नाच्या गोष्टींचा वेगळा कप्पाच आहे. सापळ्यातून सोडवलेली करकोचा मादी बायको होऊन येते, बंद दाराआड कापड विणते, ‘आत डोकावू नकोस’ एवढंच मागते. नवरा डोकावतो. आत आपलीच पिसं उपटून विणणारा पक्षी. ती निघून जाते. हिमस्त्री म्हणते, ‘मला पाहिल्याचं कुणाला सांगू नकोस.’ तो नेमकं बायकोलाच सांगतो, आणि ती तीच असते.

माझी आवडती कुझुनोहा. ही कोल्हीण, आबे नो यासुनाची बायको, एका मुलाची आई. बिंग फुटतं तेव्हा कागदी दारावर ओळी लिहून जाते, की आठवण आली तर इझुमीतल्या शिनोदाच्या रानात ये. काबुकी नाटकात हा प्रवेश करताना कडेवर मूल असतं, म्हणून नट कुंचला दातांत धरून लिहितो. तो मुलगा म्हणजे आबे नो सेइमेइ. हा खराखुरा माणूस, दहाव्या शतकातला दरबारी ज्योतिषी. आज कितीतरी अ‍ॅनिमेंत तो मांत्रिक म्हणून भेटतो.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. शंतनूला गंगेने घातलेली अट आठवा : मी काहीही करीन, विचारायचं नाही. सात मुलं जाईपर्यंत तो गप्प, आठव्याला विचारतो, ती जाते. उर्वशी-पुरूरव्याचंही तेच, तिथे अट न बघण्याची. वर्गात हे सांगितलं की मागच्या बाकावरून हमखास येतं, ‘म्हणजे शंतनू ओजी मेनकॅरेक्टर.’ म्हणा बापडे.

६. मग शेवट नेहमी रडकाच का?

नेहमी नसतो. पण अंगवळणी पडलेला शेवट तोच, याला कारण आहे. युरोपातल्या परीकथांत बेडकाचा राजपुत्र होतो आणि लग्न लागतं. जपानी कथेत करकोचा करकोचाच राहतो आणि उडून जातो. माणूस करून घेऊन सोय पाहिली जात नाही.

नियतकालिकांत वर्षानुवर्षं चालणाऱ्या चित्रमालिका मात्र वाचकाला इतकं निराश करून चालत नाहीत, तिथे लेखक वाट काढतात. रुमिको ताकाहाशीने ‘इनुयाशा’त मधला मार्ग आधीच तयार ठेवला : नायक अर्धा राक्षस, अर्धा माणूस. अमावास्येला तो पूर्ण माणूस होतो. आपल्याकडे अमावास्येला भुतांना जोर चढतो. इथे नेमकं त्या रात्री त्याचं बळ जातं, आणि तो धड बोलतो तेही बहुधा तेव्हाच.

७. प्रत्येक गोष्ट उन्हाळ्यातच का घडते?

ओबोनमुळे. ऑगस्टच्या मध्यात (काही भागांत जुलैत) पितर घरी येतात असं मानतात. काकडीला चार काड्या टोचून घोडा करतात, वांग्याला टोचून बैल. घोडा येताना, म्हणजे लवकर पोचतील. बैल जाताना, म्हणजे रमतगमत जातील. आपल्या पितृपंधरवड्याशी नातं लगेच जाणवतं, फरक एवढाच की आपण त्या दिवसांत नवी चप्पलसुद्धा घेत नाही, प्रेमात कसले पडतोय! तिकडे मात्र त्याच दिवसांत जत्रा, युकाता (उन्हाळी सुती किमोनो), फटाके आणि शाळेला सुट्टी. भुताखेतांच्या गोष्टीही तिथे उन्हाळ्यातच सांगायच्या, उकाड्यात अंगावर काटा यावा म्हणून. गेलेली माणसं आणि सुट्टी लागलेली मुलं एकाच आठवड्यात एकत्र आली की लेखकाला आणखी काय हवं?

८. ‘किमि नो ना वा’मध्ये ती दोघं संध्याकाळीच का भेटतात?

सुरुवातीच्या वर्गातल्या प्रसंगाकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. बाई फळ्यावर संध्याकाळ या शब्दाचा उगम शिकवत असतात. ‘तासोगारे’ म्हणजे मुळात ‘तो कोण?’ अंधुक उजेडात चेहरा ओळखू येत नाही, म्हणून विचारायचं. गावाकडची मुलं म्हणतात, आमच्याकडे याला ‘कातावारे-दोकी’ म्हणतात. जपानीत याच वेळेला आणखी एक नाव आहे, त्याचा अर्थ भुताखेतांची गाठ पडण्याची वेळ.

मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. आपल्याकडे कातरवेळ आहे, तिन्हीसांज आहे. आजी दिवेलागणीला झोपू द्यायची नाही, केस विंचरू द्यायची नाही, पिंपळाखाली तर नाहीच. कारण विचारलं तर ‘बरं नसतं’ एवढंच.

ताकी तोक्योचा, मित्सुहा डोंगरातल्या इतोमोरीची. शरीरांची अदलाबदल झालेली, आणि दोघांच्या काळांत तीन वर्षांचं अंतर. डोंगरमाथ्यावर दोघं एकाच जागी उभी आहेत, आवाज येतो पण दिसत नाही. सूर्य ढगाआड जातो आणि समोर माणूस उभं. ही यांची मुदत. विसरू नये म्हणून तळहातावर नावं लिहायची ठरतात. तो तिच्या हातावर लिहितो. ती त्याच्या हातावर एक रेघ ओढते, उजेड संपतो, पेन खाली पडतं. गावावर धूमकेतू कोसळण्याआधी सगळ्यांना हलवायला धावताना ती आपटते, आणि तेव्हा मूठ उघडून बघते. नाव नाहीच. ‘सुकि दा’ लिहिलंय, म्हणजे ‘आवडतेस’. तिची पहिली तक्रार अगदी खरी आहे : याने तुझं नाव कसं कळणार मला!

९. लाल दोरा, गाठी, ५ येनचं नाणं हे सारखं का दिसतं?

करंगळीला बांधलेला अदृश्य लाल दोरा ही मूळ चीनमधून आलेली कल्पना. तिकडे तो घोट्याला असतो. वरच्याच सिनेमात मित्सुहाची आजी गोफ विणता विणता ‘मुसुबी’ सांगते. गाठ बांधणं, माणसं जोडणं, काळाचं वाहणं, सगळं मुसुबी. ‘लग्नगाठ’ हा शब्द ज्या भाषेत आहे तिला यापुढे टीप नको.

नाण्याचं गंमतशीर. पाच येन म्हणजे ‘गो-एन’, आणि ‘गोएन’ म्हणजेच ऋणानुबंध. म्हणून देवळात पाचचं नाणं टाकतात. ‘नोरागामी’तला यातो हा देऊळ नसलेला, फाटका देव. भिंतींवर आपला फोन नंबर लिहून ठेवतो आणि कुठल्याही कामाचे पाच येन घेतो. वर वर हा स्वस्त मजुरीचा विनोद. आत भीती ही, की कुणी आठवण ठेवली नाही तर असा देव उरतच नाही. म्हणून त्याची मैत्रीण हियोरी स्वतःच्या हातांनी त्याला इवलंसं देऊळ करून देते तेव्हा तो जो रडतो ते विनोदी राहत नाही.

१०. हे मुलींसाठीच असतं का? मित्र चिडवतात.

मित्रांना सांगा, ‘इनुयाशा’ मुलांच्या साप्ताहिकात, ‘शोनेन संडे’त, १९९६ पासून बारा वर्षं चाललं. ‘दानदादान’ ही मालिकाही मुलांच्याच गोटातली. ‘फ्रूट्स बास्केट’ आणि ‘कामिसामा’ मुलींच्या ‘हाना तो युमे’मधले, हे खरं. फरक मारामारीच्या प्रमाणात पडतो, हुरहुरीच्या नाही.

११. मुलगी आठवीत आहे, दिवसभर हेच बघते. बघू द्यावं का?

सरसकट उत्तर नाही. चित्रं गोड म्हणून मजकूर लहान मुलांचा असतोच असं नाही. ‘होतारुबी’ तिच्याबरोबर तुम्हीच बघा. ‘दानदादान’च्या पहिल्याच भागात नायिकेचे कपडे काढण्याचा प्रसंग आहे, गोष्ट पुढे छान होते, पण तो भाग मलाही खटकला. एवढ्या लहान मुलीला मी तो दाखवणार नाही. भुतांवर विश्वास बसेल ही काळजी मात्र सोडा. आपण मुंजाच्या गोष्टी ऐकूनच मोठे झालो.

१२. तो पाचशे वर्षांचा, ती सोळाची. हे बरोबर वाटतं का तुम्हाला?

नेहमी नाही. ‘दिसतो तर सतराचाच’ ही पळवाट मला पटत नाही. मी एक बघते : ताकद कुणाच्या हातात आहे आणि गोष्टीला त्याची जाण आहे का. ‘कामिसामा’त नायिका नानामीकडे देवपण आहे, तिचा शब्द तोमोएला पाळावाच लागतो. ‘इनुयाशा’ची नायिका कागोमे नुसतं ‘ओसुवारी’ म्हणते, कुत्र्याला ‘बस’ म्हणतात तसं, आणि गळ्यातल्या माळेमुळे इनुयाशा जमिनीवर आदळतो. पारडं थोडं तरी समतोल होतं. उलट ‘माहोत्सुकाई नो योमे’ची सुरुवातच लिलावाने होते : पंधरा वर्षांची चिसे विकायला उभी आणि एलायस नावाचा जादूगार तिला विकत घेऊन ‘माझी बायको होशील’ म्हणतो. ती मालिका सुंदर आहे, आणि या गोष्टीने ती अस्वस्थही करते. अस्वस्थ वाटलं तर तुमचं काही चुकत नाही.

१३. ‘सेन तो चिहिरो’ (‘स्पिरिटेड अवे’) प्रेमकथा आहे का? आणि ‘सुझुमे’?

पहिलीला मी नाही म्हणेन. चिहिरो दहा वर्षांची आहे, आणि तिला मदत करणारा मुलगा हाकु म्हणजे एक नदी, जी बुजवून वर इमारती बांधल्या. लहानपणी आपल्याला बुडू न देणाऱ्या नदीचं नाव आठवणं, हे प्रेमापेक्षा वेगळं आणि कदाचित मोठं आहे.

‘सुझुमे’त (२०२२) नायक बहुतेक वेळ तीन पायांची लाकडी खुर्ची असतो. वाद घालायला वर्ग दोन गटांत फुटतो. माझं मत : ती खुर्ची तिच्या आईने केलेली, आई भूकंप-त्सुनामीत गेलेली, आणि गोष्ट आईचीच आहे. मुलगा निमित्त.

१४. हिंदी डबिंग बघू की सबटायटल?

सबटायटल, म्हणजे मूळ शब्द कानावर पडतात. ‘किमि नो ना वा’त मित्सुहा ताकीच्या शरीरात असताना मित्रांशी बोलते : ‘वाताशी’, मित्र चमकतात, ‘वाताकुशी’, आणखी चमकतात, ‘बोकु’, अजून संशय, ‘ओरे’ म्हटल्यावर माना डोलावतात. सगळ्यांचा अर्थ ‘मी’च, शोभणारं माणूस वेगळं. इंग्रजीत ही गंमत विरते. मराठीत मात्र झकास उतरली असती, कारण आपल्याकडे ‘मी’ एकच असला तरी क्रियापद चुगली करतं : ‘मी हरवले होते... म्हणजे, हरवलो होतो.’

मोठ्या पडद्यावरही ही वाट आता खुली आहे. २०१९ मध्ये पन्नास हजारांहून जास्त चाहत्यांनी सह्या केल्यावर ‘किमि नो ना वा’ करणाऱ्या शिन्काईचा ‘तेन्की नो को’ ऑक्टोबरात भारतात लागला.

१५. तेवढं एकच सांगा : जत्रेतला तो मुलगा माणूस आहे हे गिनला कळलं नव्हतं?

नव्हतं. जत्रा योकाईंची, सगळे माणसांची रूपं घेऊन आलेले. एक पोरगं धावताना अडखळतं, गिन हात देऊन सावरतो, पोरगं पुढे पळून जातं. मग गिनच्या बोटांच्या टोकांतून उजेड निघायला लागतो. माणसांची मुलं जत्रेत घुसली होती. आयुष्यभर ज्या स्पर्शापासून तो पळाला, तो प्रेमातून झालाच नाही. पडणाऱ्या पोराला आपण कुणीही धरू तसा, नकळत झाला.

मुलं यावर चिडतात. ‘फुकट गेला!’ म्हणतात. पण त्या क्षणाला त्याच्या चेहऱ्याकडे बघा. त्याला कळतं की आता अट उरलेली नाही, आणि तो होतारुकडे हात पसरतो. पहिल्या दिवशी तो जिच्यापासून बाजूला झाला होता ती पुन्हा धावत येते, आणि या वेळी तो जागचा हलत नाही. तिच्या हातात कपडे आणि मुखवटा उरतो. झाडांमागून योकाई बोलतात. तिला दोष देत नाहीत. गिनला माणसाला मिठी मारायची होती, ती मारता आली, म्हणून आभार मानतात.